ताई काही चुकीचं सांगून बसल्या तर?

नवजात अतिदक्षता विभागातल्या सिस्टर मला हमखास विचारतात, "स्वतः अपुऱ्या दिवसांचं बाळ वाढवलेल्या या आई-स्वयंसेविका मनाने चांगल्या, पण चुकीचं काही सांगून बसल्या तर निस्तरायचं कोणी?" ही भीती खोटी नाही. माझ्यासमोर तसं घडलंय.

बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, १४०० ग्रॅमचं बाळ. आई पहिलटकरीण. दूध काढायला बसली की वाटीच्या तळाशी कसंबसं ५ मिली जमायचं. ती वाटी पदराखाली झाकून न्यायची, लाज वाटायची तिला. आमच्या स्वयंसेविका सुनीताताईंनी (नाव बदललं आहे) ते पाहिलं. त्यांचा मुलगाही असाच अपुऱ्या दिवसांचा, आता तिसरीत आहे. पिशवीतून त्याचं टोपरं काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं. जेमतेम मोठ्या मोसंबीला बसेल एवढं. ती किती तरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली, मग हळूच म्हणाली, "बाळाला छातीशी घेताना वायर निघाली तर?" आठवडाभर ती कांगारू पद्धतीला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरायला, का नकार देत होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. त्या दुपारी सिस्टरनी बाळ तिच्या छातीशी दिलं, ताई शेजारी बसल्या.

दोन दिवसांनी घोळ झाला. डॉक्टरांनी आईच्या दुधात मिसळायला पूरक पावडर लिहून दिली. ताई म्हणाल्या, "माझ्या बाळाला वरचं काहीच दिलं नव्हतं, नको घालू." आई अडून बसली. सिस्टर संतापल्या, "उद्यापासून या बायका वॉर्डात नकोत!"

मी ताई आणि सिस्टर दोघींना चहाला बसवलं. इतक्या लहान बाळाला लागणारी प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस नुसत्या आईच्या दुधातून पुरत नाहीत. पावडर दुधाऐवजी नव्हे, दुधातच घालायची. सिस्टरनी हे छान समजावलं. ताईंचे डोळे भरून आले. "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." खरंच होतं ते. आम्ही त्यांना गळ्यात घालायला ओळखपत्र दिलं आणि वॉर्डात सोडून दिलं.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या. घरी पाठवताना आईला आधारगटाशी जोडून द्या, ही त्यातली दहावी. जोडून द्यायचं तर आधी आपली एकमेकींशी ओळख हवी ना!

आता आईची हरकत नसेल तर राउंडनंतर सिस्टर ताईंना त्या दिवसाचं थोडक्यात सांगतात. किती मिली, कोणतं औषध, हा विषय सिस्टरचा. "माझ्या वेळी कसं होतं" हा ताईंचा. बाळ सुस्त वाटलं, पाय गार लागले, दूध ओढेना, तर ताई सल्ला देत नाहीत, थेट हाक मारतात. आणि आयांनी ताईंकडे काढलेल्या शंका, त्यांना विचारून, सिस्टरपर्यंत पोचतात. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

परवा त्याच सिस्टरचा फोन आला. "चार नंबरची आई कालपासून जेवली नाहीये, माझ्याशी बोलतही नाही. ताई आज येणार आहेत का?"