प्रेस नसताना संग्रहालयातल्या वस्तूंवरून लिनोकट कसे काढावेत?

प्रश्न: जळगावला राहतो. संग्रहालयात बसून स्केच करतो, घरी त्यावरून लिनोकट काढतो, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून, शाई लावून कागदावर छाप. दाब देणारं प्रेस यंत्र नाही. स्केच बरं येतं, छाप मात्र काळा गोळा होतो. कुठे चुकतंय?

उत्तर: माझ्या मते चूक छापताना नाही, स्केच काढतानाच होते. पेन्सिलीने छायाप्रकाश भरलात की करड्याच्या दहा छटा तयार होतात. लिनोकडे दोनच आहेत: शाई आणि कोरा कागद. मग कोरताना त्या करड्याचं काय करायचं हे कळत नाही, हात बारीक रेघा ओढत सुटतो आणि त्या सगळ्या शाईने बुजतात. म्हणून तिथेच दुसरं स्केच करा, तळहाताएवढं, ६बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिलीने. हे काळं, हे कोरं, मधलं काही नाही. (वस्तूंजवळ शाई-रंग नेऊ नका. आणि कागद ठेवून मेणखडूने घासून ठसा घेणं तर दगडी मूर्तीवरही नको, मेण दगडाच्या छिद्रांत बसतं.)

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातल्या मूर्ती मोह घालतात, पण मूर्तीची सगळी मजा उजेडात असते. त्या नंतर घ्या. सुरुवात रंगवलेल्या मडक्यांपासून करावी, कारण तिथे कुंभाराने काळं कुठे आणि कोरं कुठे हे आधीच ठरवलेलं असतं. तापीकाठच्या सावळदा गावावरून नाव पडलेली प्राचीन भांडी बघा: जाड लेप, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी, बाणांची टोकं, प्राणी. जोर्वे गावावरून नाव पडलेली भांडीही तशीच प्राचीन, लालवर काळी. म्हणजे दोन ठोकळ्यांचा (कोरलेल्या लिनोच्या तुकड्यांचा) छाप आयताच मिळाला, एक लाल आकाराचा, दुसरा काळ्या नक्षीचा.

मडकं गोल आहे हे विसरू नका. मधोमध १ सेंमी रुंद दिसणारं नक्षीचं घर ६० अंश बाजूला वळलं की अर्धा सेंमीच दिसतं. सगळी घरं सारख्या रुंदीची काढली की मडकं थाळीसारखं चपटं होतं. आणि तोटी! छापात डावं-उजवं उलटतं, म्हणजे ती भलत्याच बाजूला जाते. स्केच ट्रेसिंग पेपरवर उतरवा, पेपर पालथा करून लिनोवर गिरवा. कोरण्याआधी आरशात एकदा बघून घ्या.

शाई प्रिंटिंग प्रेसवाल्याकडून ऑफसेटची काळी मागा, थोडीशी पुरते. ॲक्रिलिक नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोलर फिरवेपर्यंत ते ठोकळ्यावरच सुकतं. पण मे महिन्यात तेलाची शाईसुद्धा पातळ होऊन बारीक खाचांत उतरते. चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून ती घट्ट करा आणि काम सकाळी सातच्या आत उरका. काचेवर शाई पसरताना रोलरचा आवाज ऐका. बारीक 'सर्र' असा आला तर थर बरोबर. चिकट 'चप्पचप्प' आला तर शाई जास्त, आणि तुमचा काळा गोळा बहुधा तिथूनच येतो. जाड एका थरापेक्षा पातळ तीन थर द्या.

प्रेस नाही तर कागद पातळ हवा, ६० ते ८० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम). २०० जीएसएमचा कार्ट्रिज हाताने दाबून नीट उठत नाही. कागदावर बटर पेपर ठेवून स्टीलच्या पळीच्या पाठीने मधून कडेकडे लहान गोल घासा. एक कोपरा उचलून बघा, फिकट असेल तर तो परत टेकवून घासा. दुसरा कोपरा तोवर हलता कामा नये.

दोन रंगांसाठी पुठ्ठ्यावर काटकोनी पट्टी चिकटवा. ठोकळा आणि कागद दोन्ही दर वेळी त्याच कोपऱ्याला टेकवायचे. लाल छापल्यावर निदान तीन-चार दिवस थांबा, पावसाळ्यात आठवडाही लागतो. बोट लावल्यावर चिकटलं तर काळ्या ठोकळ्याला लाल शाई उचलून येते.

सावळदा भांड्यांच्या लेपावरच्या भेगा कोरत बसू नका, कोरलेली भेग खोटी दिसते. पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलचा जाड थर द्या, तो चिकट असतानाच वरून पोस्टर कलर फिरवा. सुकताना थर आपोआप तडकतो. पूर्ण वाळल्यावर वार्निशचा हात मारला की हाच तिसरा ठोकळा. तो फिकट करड्या शाईत, सगळ्यात शेवटी छापायचा. याच चालीचा आणखी एक खेळ म्हणजे केळीच्या पानाचा देठ आडवा कापून छापणं. आतल्या हवेच्या कप्प्यांची जाळी अशी उठते की मडक्याच्या पार्श्वभूमीला दुसरं काही लागत नाही. कापलेला देठ आधी अर्धा तास कापडावर उपडा ठेवा, नाहीतर पाण्यामुळे तेलाची शाई बसत नाही.

ठोकळे पुसायला रॉकेल लागत नाही. खायच्या तेलाने शाई सोडवा, मग भांड्याचा साबण. केळीचा चीक कपड्यावर पडला तर तो मात्र निघत नाही, जुना शर्ट घालून बसा.