जहेज दिलं म्हणजे वारसा दिला, असं होत नाही

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माहेर लातूर जिल्ह्यात, सासर सोलापूरला. अब्बांचा इंतकाल होऊन सात महिने झाले. मागे अम्मी, दोन भाऊ आणि तुम्ही दोघी बहिणी. 12 एकर शेत, गावातलं घर आणि बँकेतली मुदत ठेव एवढी मिळकत. भाऊ म्हणतात, लग्नात जहेज, म्हणजे भांडी-कपाटासारखं सामान, दिलं तोच तुमचा हिस्सा. शिवाय लग्नाआधी ‘मला वडिलांच्या मिळकतीत काही नको’ असं स्टॅम्पपेपरवर तुमच्याकडून लिहून घेतलेलं आहे. आणि घर तर अब्बांनी शेवटच्या आजारपणात थोरल्याला तोंडी हिबा केलं, म्हणजे बक्षीस दिलं. आता ईदनंतर निबंधकाकडे येऊन हक्कसोड पत्रावर सही करा, नाहीतर माहेर विसरा.

सही करू नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत आणि तुमचा हिस्सा किती हे कळेपर्यंत तरी नकोच.

तुम्ही सुन्नी हनफी आहात आणि दादा-दादी हयात नाहीत असं धरून हिशेब सांगते. आधी दफनाचा खर्च आणि अब्बांची देणी वजा होतात. वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, नाही, म्हणून उरलेलं सगळं वारसांचं. मुलंबाळं असल्यामुळे अम्मीला एक अष्टमांश. बाकीचे सात अष्टमांश भावाला दोन वाटे, बहिणीला एक वाटा या प्रमाणात. म्हणजे मिळकतीचे 48 भाग केले तर अम्मीचे 6, प्रत्येक भावाचे 14 आणि तुम्हा बहिणींचे प्रत्येकी 7. शेताच्या भाषेत सांगायचं तर अम्मीला 1 एकर 20 गुंठे, भावांना 3 एकर 20 गुंठे आणि तुम्हाला 1 एकर 30 गुंठे. घरात आणि ठेवीतही हेच प्रमाण.

हा हिस्सा भावाच्या मर्जीवर नाही. सूरह निसाच्या सातव्या आयतीत स्पष्ट आहे की आईवडिलांनी मागे ठेवलेल्या मालात, तो थोडा असो वा जास्त, बायकांचाही ठरलेला हिस्सा आहे. पुढच्या 11 आणि 12 व्या आयतीत वाटे सांगितलेले आहेत. कुराणात जहेजचं नाव नाही आणि जहेज हा वारशाचा पर्यायही नाही. अब्बांनी हयातीत तुम्हाला जे दिलं ती भेट. भावांच्या शिक्षणावर आणि दुकानावर केलेला खर्च त्यांच्या वाट्यातून कुणी कापत नाही, मग तुमची भांडी आणि कपाट का कापायचं?

आता त्या स्टॅम्पपेपरचं. आपल्या मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क मिळत नाही. बाप जिवंत असेपर्यंत मुलाचाही नाही आणि मुलीचाही नाही. जो हक्क तेव्हा जन्मलाच नव्हता तो सोडणार कसा? वारशाच्या नुसत्या आशेचं हस्तांतर करता येत नाही, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 6 मध्येही आहे. एकच अडचण असते. सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली म्हटलं की त्या वेळी मोबदला घेऊन हक्क सोडला असेल, तर नंतर शब्द फिरवण्यापासून त्या वारसाला रोखता येतं. म्हणून मला खरं सांगा, तो कागद करताना रोख रक्कम किंवा प्लॉट असं काही हिशेबाने मिळालं होतं का, आणि तसं कागदात लिहिलं आहे का? नसेल, तर त्या कागदाने घाबरायचं कारण नाही. मात्र आता अब्बांच्या पश्चात नोंदणी करून दिलेलं हक्कसोड पत्र पक्कं ठरतं. फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करून ते रद्द करायला वर्षं जातात. जुना कागद लंगडा आहे हे कुणीतरी सांगितलं असावं. नवी सही म्हणूनच हवी आहे.

हिबा तोंडी होऊ शकतो, हे खरं. पण त्याला देणाऱ्याने देतो म्हणणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा देणं, ही तिन्ही लागतात. एकाच घरात राहणाऱ्या बापलेकांत बापाने घर सोडून जायला हवं असं नाही, पण मालकी खरंच सोडल्याची काही खूण दिसली पाहिजे. घरपट्टी कुणाच्या नावावर होती? दोन खोल्यांचं भाडं शेवटपर्यंत कोण घेत होतं? आणि ज्या आजारातून माणूस उठला नाही, त्यात मरणाची चाहूल लागलेली असताना केलेला हिबा हा मर्ज-उल-मौतचा. त्याला वसीयतीचे नियम लागतात. वारसालाच दिला असेल तर बाकीच्या वारसांची संमती हवी, आणि तुम्ही ती दिलेली नाही. सिद्ध करण्याचा भार थोरल्या भावावर आहे.

शेताबद्दल कुणी तुम्हाला ‘शेतजमिनीला शरियत लागू नाही’ असं सांगेल. 1937 च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, हे खरं. पण म्हणून मुलींचा हक्क जात नाही. तुमच्या घराण्यात वेगळी रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती पुराव्याने सिद्ध करायची. नाहीतर हेच वाटे. सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) लागलं तरी बिचकू नका. मुस्लिम कायद्यात तसं एकत्र कुटुंब नसतं, आणि सातबारा महसुलासाठी असतो, तो मालकी देत नाही. बँकेच्या ठेवीवर धाकट्याचं नामनिर्देशन आहे म्हणून ती त्याची होत नाही. त्याने रक्कम काढून वारसांना द्यायची.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट आहे: अम्मीची मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम. निकाहनाम्यात पाहा. तिथे एकसारखे ऐकू येणारे दोन शब्द असतात, एकाचा अर्थ लगेच द्यायची आणि दुसऱ्याचा नंतर द्यायची. नंतरची राहिली असेल तर ते अब्बांवरचं कर्ज आहे आणि वाटणीच्या आधी फेडायचं. मागणीची मुदत इंतकालपासून तीन वर्षं. जनाज्यापाशी बायका अम्मीला ‘मेहेर माफ कर’ म्हणाल्या आणि रडत ती हो म्हणाली, असं तुम्ही लिहिलंय. अशा दुःखात घेतलेली माफी न्यायालयं मानत नाहीत.

तुमच्या जावेला गोव्यात भावाइतका हिस्सा मिळाला, मग मला अर्धा का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तिथे शरियत कायदा नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याच्या परंपरेत मुलगा-मुलगी सारखे. इथे भावावर घराच्या पोटापाण्याची जबाबदारी आहे म्हणून त्याला दुप्पट, असं आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. त्यावर वाद आहे आणि तो व्हायला हवा. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांना तो अर्धाही मिळालेला नसतो, आणि मला जास्त चीड त्याची येते.

नवरा म्हणतो, हिस्सा आला की आपल्या घरावर मजला चढवू. ताई, आलेलं सगळं फक्त तुमचं. त्यावर त्याचा हक्क नाही, आणि घर चालवण्याची जबाबदारीही तुमची नाही. स्वखुशीने द्यायचं तर द्या, पण आधी तुमच्या नावावर येऊ द्या.

या आठवड्यात तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घालून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भावांनी फक्त आपली नावं लावायचा फेरफार टाकला असेल तर मुदतीत हरकत नोंदवा. मग भावांना लेखी कळवा की आधी पाचही नावं सातबाऱ्यावर, नंतर बोलू. त्यानंतर शेत भावांना विकायचं, बदल्यात काही घ्यायचं की सोडायचं, ते तुम्ही ठरवा. ऐकलं नाहीत तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि विक्रीला मनाई. महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची सूचनाही निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे मध्येच जमीन घेणारा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकणार नाही. न्यायालय हिस्से ठरवेल. जमीन मोजून देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होईल. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. जाताना बहिणीलाही बरोबर घ्या. तिचेही 7 भाग आहेत.