पन्नाशीनंतर सुरू झालेली डोकेदुखी

प्रश्न : आई 56 वर्षांची, द्राक्षबागेत कामाला जाते. पूर्वी कधी डोकं दुखलं नव्हतं. आता तीन आठवडे रोज दुखतंय. मेडिकलमधून गोळी आणून घेते. उन्हामुळे असेल का? (एक वाचक, तासगाव, जि. सांगली)

उत्तर : उन्हाचं दुखणं सावलीत बसून, पाणी पिऊन, झोप काढून उतरतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली रोजची डोकेदुखी कृपया उन्हावर ढकलू नका. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. आईंना विचारा : वेणी घालताना कंगवा कानशिलाला लागला की दुखतं का? भाकरी चावताना जबडा भरून येतो का? नजर अंधुक होते का? यातलं काही असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. मग त्याच दिवशी जा. रक्तदाब आणि रक्ताची ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी) तपासणी होईल.

मिनिटभरात असह्य झालेलं दुखणं, तापाबरोबर आखडलेली मान, वाकडं तोंड, लुळा हात, फिट : थेट 108.

गोळ्यांचाही हिशेब ठेवा. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक घेतली, तर तिच्यामुळेच डोकं दुखत राहू शकतं. रिकामी पाकिटं डॉक्टरांकडे सोबत न्या.