मी इंट्रोव्हर्ट की एक्स्ट्रोव्हर्ट?

प्रश्न : मावशी, मी इंदूरला भंवरकुआँजवळच्या एका कोचिंगमध्ये बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवते. मध्यंतरी सरांनी अख्ख्या स्टाफकडून मोबाईलवर ती सोळा प्रकारांची पर्सनॅलिटी टेस्ट भरून घेतली. मी ५३ टक्के इंट्रोव्हर्ट निघाले. लगेच माझी मोठी बॅच दुसऱ्याला दिली आणि मला डाउट काउंटरवर, म्हणजे पोरांच्या शंका सोडवायच्या टेबलावर बसवलं. घरी हे म्हणतात, "मी सांगत नव्हतो?" खरं सांगू, निकाल वाचून मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. पण रात्री पुन्हा टेस्ट दिली, तर ५२ टक्के एक्स्ट्रोव्हर्ट! मी नक्की कोण?
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : ताई, टक्के कळवलेत हे फार बरं केलंत. ५३ आणि ५२ म्हणजे तुम्ही जवळजवळ मधोमध आहात, आणि या टेस्टमध्ये मधल्यांना जागाच नाही. रेघेच्या जरा अलीकडे असलात तर इंट्रोव्हर्टचा 'आय', जरा पलीकडे गेलात तर एक्स्ट्रोव्हर्टचा 'ई'. दुपारपासून रात्रीपर्यंत तुम्ही बदलला नाहीत. 'अनोळखी लोकांशी स्वतःहून बोलता का?' असं विचारल्यावर दुपारी सासरकडचं एखादं लग्न आठवलं असेल, रात्री गणेशोत्सवातल्या नाटकाची तालीम. दोन्ही उत्तरं खरीच.

या टेस्टचं मूळ बघा. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं १९२१ सालचं पुस्तक घेऊन कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी हे प्रकार बांधले. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नव्हतं. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस नसतोच, हे खुद्द युंगचंच म्हणणं. आज अभ्यासक जास्त भरवसा ठेवतात तो स्वभावातल्या पाच गुणांच्या ('बिग फाइव्ह') मोजपट्टीवर. तिच्यात खाने नसतात, कमीजास्त असतं.

तरी वाचताना 'अगदी मीच!' असं वाटलं असेल. वाटणारच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला 'खास त्याचं' वर्णन दिलं. ते किती पटलं यासाठी पोरांनी पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातला बराच मजकूर राशिभविष्याच्या पुस्तकातला!

सरांचं मात्र चुकलंच. मूळ टेस्टवालेच बजावतात की नोकरी देताना किंवा काम वाटताना तिचा वापर करू नये. तुमची तर मोबाईलवरची फुकट आवृत्ती. आणि अंतर्मुख माणसाला भरल्या वर्गात शिकवता येत नाही, हे कुठल्या टेस्टने सांगितलं? त्यांच्याकडे तुमच्या बॅचचे इतक्या वर्षांचे निकाल आहेत की! ते काढायला सांगा.

पण त्याआधी एक विचारते, रागावू नका. ते 'सुटल्यासारखं' कशापासून? तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच, आणि तुम्ही ते भरकन उरकलंत. माईक लावून रोज तेच मोल कन्सेप्ट ओरडून सांगायचा कंटाळा आलाय का? की घरी चार माणसं आली की हसतमुखाने पुढे व्हायचा? बॅच नकोशी झाली असेल तर तसं सरांना स्वतःच्या तोंडाने सांगा, पगार तोच ठेवायला लावा आणि काउंटरवर मजेत बसा. एकेका पोराची अडलेली पायरी सोडवण्यात काही कमीपणा नाही. हवी असेल तर भांडून परत घ्या. मात्र पुढचं सेशन सुरू व्हायच्या आत, एकदा टाइमटेबल लागलं की कोणी हलवत नाही.

आणि यजमानांना ती लिंक अजिबात पाठवू नका. त्यांचा निकाल 'जन्मजात नेता' असा आला, तर तो वर्षभर तुम्हालाच ऐकावा लागेल.