वाचकांचे प्रश्न : गेममधली धडधड पडद्यावर का हरवते?

प्रश्न : ‘असॅसिन्स क्रीड’चे बहुतेक भाग मी खेळलो आहे. २०१६चा सिनेमा मात्र अर्ध्यात सोडावासा वाटला. मायकेल फासबेंडरसारखा नट असूनही असं का झालं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वेळेची वाटणी चुकली, हे सर्वांत मोठं कारण. या कथेत आजच्या काळातला नायक प्रयोगशाळेतल्या ‘ॲनिमस’ नावाच्या यंत्रातून आपल्या पूर्वजाच्या आठवणी जगतो. २००७च्या मूळ गेममध्ये ही आजच्या काळातली प्रयोगशाळा अधूनमधून, थोडाच वेळ येते. बाकी सगळा वेळ तुम्ही बाराव्या शतकातल्या तिसऱ्या धर्मयुद्धाच्या काळातल्या जेरुसलेम, दमास्कस आणि एकर या शहरांच्या छपरांवर असता. सिनेमाने हे प्रमाण उलटं केलं. जवळपास दोन तृतीयांश कथा माद्रिदच्या करड्या प्रयोगशाळेत घडते आणि उरलेली १४९२च्या स्पेनमध्ये.

तो स्पेनही सलग पाहायला मिळत नाही. गेममधलं ॲनिमस हे पाठ टेकून पडायचं यंत्र. एकदा आत गेलं की त्याचा विसर पडतो. सिनेमात छताला लोंबणारा अवाढव्य यांत्रिक हात आहे. मारामारी रंगात आली की कॅमेरा त्या हाताला लटकून हवेत वार करणाऱ्या नायकाकडे वळतो. समोर चाललंय ते खरं नाही, ही आठवण प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा करून दिली, तर तो जीव मुठीत धरून कशाला बसेल?

आता मनोऱ्यावरची उडी घ्या. गेममध्ये आधी खालून भिंतीचा अंदाज घ्यायचा, पहारेकऱ्याची नजर चुकवायची, हाताला धरायला खाचा शोधत वर पोचायचं, कडेला बसून शहर न्याहाळायचं. तेव्हा कुठे नकाशाचा तेवढा भाग उघडतो, आणि मग गवताच्या ढिगात उडी. चढण स्वतः केलेली असते म्हणून त्या उडीला वजन येतं. सिनेमासाठी डेमियन वॉल्टर्स या स्टंटमनने दोरीशिवाय सुमारे १२५ फुटांवरून खरोखर उडी मारली. काम अचाट आहे. पण चढणीची मेहनत आपल्या वाट्याला आलेलीच नसल्यामुळे ती उडी बघता बघता निसटून जाते, याचं फार वाईट वाटतं. स्पेनमधली पात्रं स्पॅनिशच बोलतात, हा निर्णय मात्र मनापासून आवडला.

प्रश्न : प्रेक्षकांनी ओरड केली तर सिनेमा सुधारतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दिसणं सुधारतं, गोष्ट सुधारत नाही. एप्रिल २०१९मध्ये गेममधल्या निळ्या साळिंदरासारख्या प्राण्यावरच्या ‘सॉनिक’ सिनेमाचा ट्रेलर आला, तेव्हा त्या सॉनिकचे माणसासारखे दात, बारीक डोळे आणि हातमोजे नसलेले हात पाहून चाहते भडकले. निर्मात्यांनी त्याला मोठे डोळे आणि पांढरे हातमोजे दिले, प्रदर्शन नोव्हेंबर २०१९वरून १४ फेब्रुवारी २०२०वर ढकललं, आणि त्याचा फायदाही झाला. हे जमलं, कारण सॉनिक संगणकावर घडवलेला होता. जिम कॅरी आणि इतर नटांचं चित्रीकरण तसंच ठेवून फक्त त्याच्यावर पुन्हा काम करता आलं. ‘असॅसिन्स क्रीड’चं दुखणं पटकथेत होतं. तिथे ट्रेलर येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

प्रश्न : ‘बॉर्डरलँड्स’ सिनेमा मुलाने पाहिला, आता गेम मागतोय. घेऊन द्यावा का? मुलगा १३ वर्षांचा आहे. (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : सध्या नको. २०२४चा सिनेमा अमेरिकेत पीजी-१३ (१३ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणाऱ्या) प्रमाणपत्राने आला, पण गेमवर तिथे १७ वर्षं आणि त्याहून मोठ्यांसाठीचा ‘एम’ शिक्का आहे. सिनेमा सौम्य केलेला असतो, त्यावरून गेमचा अंदाज बांधू नका. डब्याच्या कोपऱ्यातलं किंवा ऑनलाइन स्टोअरच्या पानावरचं वयाचं चिन्ह बघा. सॉनिकचे मुख्य गेम या वयाला चालतील.

प्रश्न : एका भीतिदायक गेमवरून कॉलेजसाठी वीस मिनिटांची शॉर्टफिल्म लिहायची आहे. सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : कटसीनपासून, म्हणजे गेममध्ये मधूनमधून येणाऱ्या, खेळायच्या नाही तर नुसत्या बघायच्या दृश्यांपासून करू नका. ती मुळातच सिनेमासारखी असतात, म्हणून उचलायचा मोह होतो आणि हाती फक्त नक्कल लागते. मित्राला अर्धा तास खेळायला बसवा. कागदावर दोन रकाने आखा : हाताने काय केलं आणि त्या वेळी काय वाटत होतं. मरून पुन्हा तेच खेळल्याच्या नोंदी काट मारून टाका. पडद्यावर मरण एकदाच येतं. उरलेल्या नोंदींत जी भावना सर्वांत जास्त वेळा दिसेल, तिच्यावर फिल्म उभी करा.

१९९६च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भयगेममध्ये ख्रिस किंवा जिल यांपैकी एक पात्र निवडून खेळायचं असतं. ख्रिसकडे सामानासाठी फक्त ६ जागा आहेत, जिलकडे ८. गेम सेव्ह करायलाही टाइपरायटरची शाईची रिबन खर्चावी लागते. भीती राक्षसांची असते, त्याहून जास्त टंचाईची. २००२च्या सिनेमात शस्त्रसज्ज पथक आत शिरलं आणि ही भीती पातळ झाली. तुम्ही पहिल्या दोन मिनिटांत टेबलावर बंदुकीच्या तीन गोळ्या ठेवलेल्या दाखवा. पुढे संवादात त्यांचा उल्लेख नको. प्रेक्षक स्वतःच मोजत बसतील.

मूळ घटना बदलायला घाबरू नका. ‘द लास्ट ऑफ अस’ गेममध्ये बिल नावाचं पात्र जिवंत भेटतं, आणि त्याचा साथीदार फ्रँक मेलेला सापडतो, मागे कडवट चिठ्ठी ठेवून. त्यावरच्या २०२३च्या मालिकेच्या तिसऱ्या भागात गेममधली शाळेतली झटापट गाळून, त्या दोघांचा अनेक वर्षांचा संसार दाखवला. घटना पार बदलल्या, तरी ‘कुणासाठी तरी जगणं’ हा गेमचा गाभा जागेवर राहिला. फिल्म कॉलेजबाहेर दाखवणार असाल, तर पात्रांची नावं आणि जग स्वतःचं ठेवा. मूळ नावं वापरायची तर गेमच्या मालकांची परवानगी लागते.