कुत्र्यावरून पोलिसांशी वाद झाला. पोलिसांना पाळीव कुत्रा जप्त करता येतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबई सोडून तुम्ही दक्षिण कोकणातल्या गावी राहायला आलात, सोबत तीन वर्षांचा रॉटवायलर आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर तो मोकळा होता. गस्तीवरच्या शिपायाने काठी उगारली, कुत्रा गुरगुरला, तुम्ही मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, त्याने मोबाइल हिसकावला आणि थोड्या वेळाने परत दिला. "ही जात सरकारने बंद केलीय, कुत्रा जमा करतो, उद्या ठाण्यात या," असं तो म्हणाला. त्याला तसा अधिकार आहे का आणि आता काय करावं, हे तुम्हाला हवंय. किनाऱ्याचं नाव तुम्ही दिलं आहे, मी ते इथे घेत नाही. मी त्या शिपायाची बाजू ऐकलेली नाही.

सिंधुदुर्गात ३३ वर्षं खाकीत काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आज घरी दोन गावठी कुत्रे आहेत. म्हणजे या भांडणात मी दोन्ही बाजूंना उभा राहिलेला माणूस आहे.

जप्तीचं आधी सांगतो, कारण झोप त्यानेच उडाली असणार. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटवायलर धरून २३ जातींना परवाने देऊ नका, विक्री आणि पैदास थांबवा, ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करावी, असा त्याचा आशय. हे पत्र व्हॉट्सअ‍ॅपवरून वाडीवाडीत पोचलं. पुढच्याच महिन्यात, १६ एप्रिलला, दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण ते काढण्याआधी संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं. ही दुसरी बातमी मात्र तितकी फिरली नाही, आणि तुमच्या शिपायापर्यंतही ती पोचलेली दिसत नाही. पत्र लागू होतं तेव्हाही 'घरातला कुत्रा उचलून न्या' असं त्यात नव्हतं. तेव्हा नुसत्या जातीवरून कुत्रा जमा होत नाही. मी ज्या ज्या ठाण्यात काम केलं तिथे कुत्रा ठेवायला जागाही नव्हती आणि त्याला खायला घालायची तरतूदही नव्हती.

पण म्हणून तुमचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: "मी त्यांना लांबूनच ओरडून सांगितलं की घाबरू नका, तो काही करत नाही." नोकरीत मी हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं. पोलीस आणि कुत्रेवाला यांच्यातली बहुतेक भांडणं माझ्या डोळ्यांदेखत याच वाक्यावरून पेटली.

१९९१ चा जुलै. वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीत समन्स द्यायला निघालो होतो. रात्रीचे आठ वाजलेले, वीज गेलेली, पाऊस कोसळत होता. अंगावर काळा रेनकोट, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी आलो. बेडं (फाटक) उघडंच होतं आणि खळ्यात (अंगणात) कुत्रा उभा. आतून म्हातारीचा आवाज आला, "येवा, काय करूचो नाय तो." मी विश्वास ठेवला. दोन पावलं आत टाकली, तोंड दिसावं म्हणून बॅटरी वर केली, आणि त्याने पोटरी धरली. मी काठी घातली. पुढच्या पायावर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्या पावसातही आला.

म्हातारी बाहेर आली. मला वाटलं, आता ही वाडी गोळा करणार. तिने आधी माझा पाय बघितला, चुलीवरचं कोमट पाणी आणि कपड्याचा साबण आणला आणि स्वतःच्या हाताने पोटरी धुवायला बसली. धुता धुता एवढंच म्हणाली, "गरीब होतो रे तो."

ती खोटं बोलली नव्हती. तिच्यासाठी, तिच्या नातवंडांसाठी मोत्या खरंच गरीब होता. पण अंधारात रेनकोट घालून, हातात काठी आणि डोळ्यात उजेड मारत आलेला माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. मालक जे सांगतो ते आपल्या ओळखीवरून सांगतो, कुत्रा मात्र समोर दिसेल त्यावर चालतो. मोत्याचा पाय वाकडा जुळला. तो जिवंत होता तोवर त्या वाडीत गेलो की त्याचं लंगडणं बघावं लागायचं, आणि मला ते अजून सलतं.

मी पोटात १४ इंजेक्शनं घेतली. तेव्हा सरकारी दवाखान्यात मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस असायची, रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला. एसटीने जायचं, टोचून घ्यायचं, पोट धरून परत यायचं. २००४ च्या सुमारास ती लस आपल्याकडे बंद झाली आणि आता दंडातच टोचतात. पण माझ्या वयाच्या पोलिसांच्या मनात कुत्रा म्हणजे ती १४ इंजेक्शनं, आणि तीच भीती त्यांनी नव्या पोरांना सांगून सांगून पुढे दिली. तुमच्यासमोर काठी उगारणारा शिपाई रागावलेला दिसला असेल. बहुतेक तो घाबरलेला होता. वर्दीत असताना 'मला भीती वाटते, कुत्रा धरा' असं म्हणायची आम्हाला सवय नाही. ती भीती दरडावणीच्या आवाजात बाहेर येते, मालकाला तो आवाज माज वाटतो, मालक आवाज चढवतो, आणि मालकाचा चढलेला आवाज ऐकून कुत्रा आणखी पुढे सरकतो.

भरती झाल्यावर परेड, कायदा, हत्यार सगळं शिकलो. अंगावर आलेल्या कुत्र्याचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. मोत्याच्या प्रकरणानंतर श्वान पथकातल्या एका हस्तकाला (कुत्रा हाताळणाऱ्या पोलिसाला) मुद्दाम गाठून विचारलं. त्याने सांगितलेलं पुढे कायम उपयोगी पडलं: काठी पायाशी लावून खाली धर, छातीवर समोर जाऊ नकोस, अंग थोडं तिरकं ठेव, डोळ्याला डोळा लावू नकोस, पळू तर अजिबात नकोस, आणि मालक बाहेर येईपर्यंत गडग्याच्या आत पाय टाकू नकोस. तेव्हापासून मी पाणंदीच्या वळणावरूनच हाक मारायचो, "आये, आधी कुत्र्याक बांध, मगे बोलू." उरलेल्या नोकरीत मला एकही कुत्रा चावला नाही आणि कुठल्या कुत्र्यावर मी काठी उचलली नाही. हे वाचणारं कुणी खात्यातलं असेल तर त्यांनी एवढं मनावर घ्या.

अमेरिकेत पोलीस कुत्र्यांना गोळ्या घालतात ते व्हिडिओ बघून तुम्ही जास्त हादरलात, असं तुम्ही लिहिलंय. तिकडे हे खरंच घडतं आणि कोर्टातही जातं. २००५ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सॅन होजेच्या पोलिसांना याच मुद्द्यावर धारेवर धरलं. झडतीच्या घरात कुत्रे आहेत हे आठवडाभर आधी ठाऊक होतं, तरी गोळी घालण्याखेरीज दुसरा काही विचारच करून गेला नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं. आपल्याकडे गस्तीवरच्या शिपायाकडे बहुधा काठीच असते, त्यामुळे तो प्रसंग तुमच्यावर येईल असं मला वाटत नाही. पण आधी माहीत असेल तर आधी तयारी करा, ही गोष्ट इथेही तितकीच लागू आहे.

आता कायदा, जेवढा तुमच्या कामाचा आहे तेवढा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच कलम २८९ होतं. गुन्हा दखलपात्र आहे पण जामीनपात्र आहे. चावा बसलाच पाहिजे अशी यात अट नाही. तुमचा कुत्रा ४५-५० किलोचा असेल, किनाऱ्यावर पोरंबाळं असतात, तेव्हा हे कलम तुमच्यावर लागू शकतं हे धरून चाला.

दुसरं कलम १३२, जुनं ३५३: सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. हे अजामीनपात्र आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. नुसता तोंडी वाद घातला म्हणून ते लागत नाही, पण शिपायाचा हात झटकला, ढकललं, की लागतं. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बळाचा वापर म्हणजे काय हे समजावताना कायद्यात जी उदाहरणं दिली आहेत, त्यात १८६० पासून एक कुत्र्याचंच आहे: एखाद्याला इजा व्हावी, भीती वाटावी किंवा त्रास व्हावा म्हणून कुत्र्याला त्याच्या अंगावर चिथावणं. रागाच्या भरात पोलिसासमोर कुत्र्याला 'छू' म्हणालात तर तो तुम्हीच केलेला बळाचा वापर मानला जाईल. गंमत म्हणूनही तसं करू नका.

शिपायालाही हद्द आहे. अंगावर झेपावलेल्या कुत्र्याला स्वतःच्या बचावासाठी मारलं, तर त्याला मी दोष देणार नाही. पट्ट्यात धरलेल्या किंवा बांधलेल्या कुत्र्याला मारणं ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली क्रूरता आहे, आणि जनावर मेलं किंवा निकामी झालं तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वर्दी घातली म्हणून यातून सुटका नाही.

मोबाइलच्या बाबतीत मला तुमची बाजू पटते. सार्वजनिक जागी ड्यूटीवरच्या पोलिसाचं शूटिंग करणं हा गुन्हा नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाण्याच्या आतलं रेकॉर्डिंगसुद्धा शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा ठरत नाही असं सांगितलं. पुरावा म्हणून मोबाइल घ्यायचा तर पंचनामा करून घ्यावा लागतो, हातातून ओढून नाही. पण एक विचारतो. तुमच्या एका हातात मोबाइल होता, तर कुत्र्याचा पट्टा कुठे होता? तुमच्याच लिहिण्यावरून तो कमरेला गुंडाळलेला होता. त्या क्षणी तुमचा हात कुत्र्याच्या गळपट्ट्यावर असायला हवा होता. शूटिंग सोबतच्या माणसाने करावं. एकटे असाल तर कुत्रा आधी.

आणखी एक शक्यता आहे, जी मुंबईहून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही हे फेब्रुवारीत घडलं असं लिहिलंय. आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गुहागरपासून देवगडच्या तांबळडेग, वेंगुर्ल्याच्या वायंगणीपर्यंत गावकरी आणि वन खातं मिळून ती अंडी जपतात, जाळीच्या कुंपणात हलवतात, पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. घरटी उकरणाऱ्यांत कोल्हे असतात, तसे कुत्रेही असतात. हे कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. रात्रभर किनाऱ्यावर फिरून घरटी शोधणाऱ्या पोरांनी 'मोकळे कुत्रे आवरा' अशी तक्रार केली असेल, तर शिपायाला तिथे पाठवलं जाणारच. त्याने ते नीट सांगायला हवं होतं. तुम्हीही विचारायला हवं होतं.

ठाण्यात जा. टाळू नका, गेला नाहीत तर साध्या गोष्टीचं प्रकरण होईल. कुत्र्याला घरी ठेवा. रेबीजच्या लसीचं कार्ड आणि पशुवैद्याची पावती सोबत घ्या. मुंबईत परवाना काढला असेल तर तोही. ठाणे अंमलदाराला भेटा, आपल्या बीटचा (गस्तीच्या भागाचा) अंमलदार कोण ते विचारून घ्या. कुत्रा मोकळा होता ही तुमची चूक तिथे स्वतःहून आधी बोला, मग मोबाइल ओढल्याचं शांतपणे सांगा. कुत्रा जमा करायची भाषा पुन्हा झाली तर 'कोणत्या कलमाखाली, लेखी द्या' एवढंच म्हणा. लेखी मिळालं तर वकिलाला दाखवा. मोबाइलच्या प्रकाराचं कुणी ऐकून घेतलं नाही, तर पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज करा, तारीख, वेळ आणि जागा घालून, आणि पोच घ्या.

घरच्या गेटवर बाहेरून हात पोचेल अशी घंटा लावा आणि 'कुत्रा आहे, घंटा वाजवा' अशी मराठी पाटी लावा. पोस्टमन, वायरमन, मासेवाली, सगळ्यांच्या कामाची आहे ती. रस्त्यावर पोलीस समोरून येताना दिसला तर पट्टा आखूड धरा, कुत्र्याला तुमच्या मागच्या बाजूला घ्या आणि म्हणा, "साहेब, मी धरलाय त्याला, तुम्ही थांबा, मी बाजूला होतो."

आणि देव करो न होवो, पण कुणाला दात लागलाच, तर वाद तिथेच सोडा. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात घेऊन जा, तिथे लस फुकट मिळते, आणि ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पुरे करा. कुत्र्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. दवाखान्यात त्या माणसाबरोबर तुम्ही स्वतः जा, मग तो पोलीस असला तरी.