मेलेल्या देवमाशाची कातडी कशाला नेतात?

प्रश्न (वाचक, देवगड तालुका): ताई, गेल्या पावसाळ्यात आमच्या पुळणीवर मेलेला देवमासा लागला. वास एवढा की दोन दिवस वाडीत कोणाला जेवण गेलं नाही. जेसीबीने खड्डा मारून पुरायच्या आधी दोन माणसं आली, कातडीचा नखाएवढा तुकडा कापला आणि बाटलीत टाकून घेऊन गेली. मेलेल्या जनावराच्या कातडीत असं काय असतं?

उत्तर: दादा, खूप असतं, आणि ती माणसं पुरायच्या आत पोचली हे वाचून मला फार बरं वाटलं. मी स्वतः असे तुकडे घेतलेत. दोन दिवसांत वरची काळी कातडी ओल्या भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून सुटायला लागते, मग अजून घट्ट राहिलेली जागा शोधायची, तिथे चाकू लावला की काळ्याखाली पांढरी चरबी दिसते, तुकडा अल्कोहोलच्या बाटलीत टाकायचा आणि आतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि मग कुठल्या गावचा तुकडा ते कोणालाच सांगता येत नाही.

आधी तर जनावर कुठलं ते कळतं. फुगलेला, सडलेला देवमासा बघून भलेभले चुकतात. ब्रायडीज व्हेलचंच घ्या, त्यात किनाऱ्याजवळचा लहान आणि खोल समुद्रातला मोठा असे दोन प्रकार आहेत, कुजलेल्या अंगावरून ते ओळखणं कठीण, डीएनएमधून मात्र कळतं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते घराणं. डीएनएचा एक भाग फक्त आईकडून येतो, त्यावरून आईचा वंश मागे मागे शोधत जाता येतो. आपल्या अरबी समुद्रातल्या हंपबॅक व्हेलची गोष्ट अशीच बाहेर आली. जगभरचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात खायला जातात आणि हिवाळ्यात गरम पाण्यात पिल्लं घालायला येतात, आपले मात्र अरबी समुद्र सोडून कुठेच जात नाहीत, कारण नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी ओमानच्या बाजूला खालचं थंड पाणी वर येतं आणि तारलीसारखे मासे त्यांना घरबसल्या मिळतात. ओमानमध्ये घेतलेले कातडीचे तुकडे बाकीच्या समुद्रांतल्या तुकड्यांशी ताडून पाहिले तेव्हा 2014 मध्ये समोर आलं की हे कुटुंब साधारण 70,000 वर्षांपासून वेगळं पडलंय! दक्षिण हिंदी महासागरातले हंपबॅक त्यांना तसे जवळचे, पण विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे, त्यामुळे तिकडचा विणीचा हंगाम असतो तेव्हा इकडचा नसतो. मुहूर्तच जुळत नाही तर सोयरीक होणार कशी?

आणि राहिलेत किती, तर ओमानच्या बाजूला शेपटीचे फोटो जुळवून केलेला अंदाज सुमारे 82 चा होता. 1965-66 मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात 242 हंपबॅक मारले, तेही चोरून. त्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट मारले हो, हा आकडा लिहिताना दर वेळी पोटात कालवतं. एवढ्याशा घोळक्यात जवळच्या जवळच्यात पिल्लं होत राहिली की वाण कमजोर होत जातो, एखादा रोग आला तर तोंड द्यायला वेगळेपणच उरत नाही, आणि मादीला पिल्लू होतं दोन-तीन वर्षांतून एकच.

आता यात कोकणाचा काय संबंध? 2017 च्या शेवटी ओमानमध्ये लुबान नावाच्या हंपबॅक मादीला सॅटेलाइट टॅग, म्हणजे ती कुठे जाते ते उपग्रहावरून कळवणारं यंत्र, लावला होता. लुबान म्हणजे तिकडचा धूप, तिच्या शेपटीवर त्या झाडासारखी नक्षी आहे म्हणून हे नाव. ती अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला पोचली. म्हणजे तिकडचे आणि इकडचे एकच की काय, हे आपल्या बाजूच्या तुकड्यांवरून ठरणार, आणि आपल्या बाजूला तुकडे मिळतात ते बहुतेक असे पुळणीवर लागलेल्या जनावरांचेच. म्हणून हात जोडून सांगते, जेसीबीला फोन करायच्या आधी वनखात्याच्या 1926 वर फोन करा. आणि जनावर जिवंत असेल तर शेपटीला दोर बांधून ओढू नका, अंगावर ओली चादर टाका, पाणी मारत राहा, फक्त डोक्यावरचं नाकाचं भोक मोकळं ठेवा.

प्रश्न (विद्यार्थिनी, दापोली): आमच्याकडे डॉल्फिन रोज दिसतात. मग ते धोक्यात कसे?

उत्तर: अगं, रोज दिसतात ते बरेचदा तेच ते असतात. हा हंपबॅक डॉल्फिन, नाव सारखं असलं तरी वरच्या देवमाशाचा तो कोणी नव्हे. किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात राहतो, आणि जाळी, बोटी, सांडपाणी सगळं तिथेच येतं, म्हणून तो जगाच्या धोक्यातल्या यादीत आहे. पुढच्या वेळी पाठीवरच्या पराचा फोटो काढ, त्याच्या कडेला खाचा असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. महिन्याभराचे फोटो शेजारी ठेवून बघ, तुलाच ओळखीचे चेहरे सापडतील. आणि बोटवाल्या काकांना सांग, मागे लागू नका, इंजिन हळू करून थांबा, ते आपणहून जवळून जातात.

प्रश्न (मच्छीमार, मालवण): जाळ्यात डॉल्फिन अडकला तर जाळं कापून सोडतो. नुकसान कोण देणार?

उत्तर: भाऊ, सोडता ते मोलाचं काम करता. राज्य सरकारची योजना आहे, संरक्षित जनावर सोडताना जाळं फाटलं किंवा कापलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जनावर जाळ्यात असतानाचा, सोडतानाचा आणि फाटलेल्या जाळ्याचा फोटो किंवा व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा, घाईत तेवढंच राहून जातं.